मिसळ खाताना पडलेलं सरकार

सरकार पडलं तेव्हा अर्थमंत्री कॅन्टीनमध्ये मिसळ खात होते.

मी मुलुंडच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. दरवर्षी आम्ही अभिरूप संसद भरवतो. स्क्रिप्ट माझं. त्यात अविश्वास ठराव येतो, पंतप्रधान झकास भाषण ठोकतात, ठराव फेटाळला जातो, प्राचार्य मॅडम टाळ्या वाजवतात.

त्या वर्षी कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात भांडुपची सायली राणे स्टाफरूममध्ये आली. वर्गातली माझी सगळ्यात हुशार मुलगी.

"सर, पुढच्या वर्षी टीवायला मी सायकॉलॉजी घेतेय."

"का गं?"

"पॉलिटिक्समध्ये सगळं आधीच ठरलेलं असतं. तुमच्या संसदेतसुद्धा. मला तर एक वाक्यही नाही."

खरं होतं. विरोधी बाकांवर, शेवटच्या रांगेत, मूक खासदार.

"एवढी संसद कर, मग जा," मी म्हटलं.

कार्यक्रमाच्या दिवशी भाषणं संपली. ज्यांची वाक्यं संपली ते मंत्री एकेक करून सटकले. ठराव मताला आला. आवाजी मतदानात 'नाही'चा आवाज मोठा, कारण पंतप्रधान झालेला आदित्य एकटाच दहा जणांएवढं ओरडला. सभापती रोहन 'ठराव फेटाळला' म्हणणार, तेवढ्यात शेवटच्या रांगेतून आवाज आला.

"सभापती महोदय, मतविभागणी!"

म्हणजे आवाजावर भरवसा नाही, डोकी मोजा. कुठलाही सदस्य ही मागणी करू शकतो.

रोहनने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

मॅडम माझ्या कानाशी आल्या. "हे स्क्रिप्टमध्ये आहे?"

"नाही मॅडम. नियमात आहे."

"थांब यार, माझे लोक कॅन्टीनमध्ये आहेत!" आदित्य ओरडला.

"मग घंटा वाजव ना," सायली म्हणाली. "संसदेत तसंच करतात. घंटा वाजली की बाहेरचे सदस्य आत येतात, मग दारं बंद."

रोहनने शिपाईमामांना खूण केली. घंटा घणघणली. आम्ही वाट पाहिली. एकही मंत्री आला नाही. कॉलेजची घंटा ऐकून कॅन्टीनमधून आजवर कोण उठलंय? अर्थमंत्र्यांनी तर एक्स्ट्रा पाव मागवला, असं नंतर कळलं.

दारं बंद झाली. डोकी मोजली. सरकार गेलं. 'उत्कृष्ट पंतप्रधान' हा चषक हातात धरून मॅडम बसून राहिल्या.

हॉल रिकामा झाल्यावर सायली खुर्च्या लावत होती.

"पुढच्या वर्षी स्क्रिप्ट नको हं, सर."

"पुढच्या वर्षी तू सायकॉलॉजीत ना?"

"मग विरोधी पक्षनेता कोण, तुम्ही होणार?"

तेव्हापासून मी स्क्रिप्ट लिहीत नाही. पक्षादेश, म्हणजे व्हिप, यावरचं लेक्चर मात्र कॅन्टीनमध्येच घेतो. सरकार तिथूनच पडतं.