‘येईल’ म्हणजे पन्नासपैकी किती?

पहिलीच्या वर्गावर होते तेव्हा मुलांना मोजायला माझ्याकडे तीन मापं होती: येतं, येतंय आणि येईल. वहीत प्रत्येक मुलाला एक पान. बेरीज बिनचूक जमली की ‘येतं’. बोटं मोजत, अडखळत जमली की ‘येतंय’. काहीच पत्ता नसला तर ‘येईल’. ‘येत नाही’ हे माप मी ठेवलंच नव्हतं. त्यात दयामाया काही नव्हती. सहा वर्षांच्या मुलापुढे ‘येत नाही’ लिहिलं की पुढच्या आठवड्यात ते खोडावं लागायचं आणि वही घाण व्हायची.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. आमची शाळा अंधेरीला, पूर्वेच्या बाजूला, एका बैठ्या चाळीच्या चार खोल्यांत भरत असे. पहिलीतून कुणाला वर चढवायचं हे वर्गाच्या बाईंनी ठरवायचं, अशी रीत होती. मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणत असू. त्या म्हणायच्या, “तुमचा वर्ग, तुमचं डोकं. मला फक्त यादी द्या.”

त्या वर्षी तपासणीला नवे साहेब आले. पुण्याचे. छापील तक्ता घेऊन आले. पहिलीची तोंडी परीक्षा स्वतः घेणार, पन्नासपैकी गुण देणार, अठराच्या खाली तो नापास. त्यांनी माझी वही चाळली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“बाई, ‘येईल’ म्हणजे पन्नासपैकी किती?”

“कधी विचारता त्यावर आहे.”

“आज विचारतोय.”

“मग आज सांगता येणार नाही. दिवाळीनंतर या.”

मोठ्या बाईंना एकदम खोकला आला. साहेब हसले नाहीत.

मला काळजी होती ती एकाच मुलीची. तिचे वडील साकीनाक्याकडे एका लहानशा कारखान्यात कामाला होते. आई तान्ह्या बाळाला घेऊन कोकणात गावी, ही इथे वडील आणि आत्याजवळ. परीक्षेच्या आधी वडील मला दारातच सांगून गेले होते, “बाई, ह्या चेडू नापास झाला तर मी गावाक धाडतंय. आवशीक हातभार तरी लागात.” म्हणजे पोरगी बाळ सांभाळायला जाणार आणि तिची शाळा तिथेच संपणार. पुन्हा परत कुणी आणत नाही, हे मी दोन मुलींच्या बाबतीत पाहिलं होतं.

साहेबांनी तिला पुढे बोलावलं. अंक तिनं धडाधड म्हटले. वाचताना अडखळली, पण अर्धं पान पार केलं. उरलं संभाषण. साहेबांनी आवाज मऊ केला. मऊ आवाज काढला की मुलं घाबरतात, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. आमची शाळा दुपारची, म्हणून त्यांनी विचारलं, “आज काय जेवून आलीस, बाळ?”

“भात नि नुस्ता.”

“नुसता भात?”

“नाय. भात नि नुस्ता.”

“बरं, भात. आणि त्याबरोबर?”

“नुस्ता.”

“अगं, नुसता काय?”

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. हा मोठा माणूस, कोट घातलेला, आणि याला एवढं साधं कळू नये! तिनं आवाज चढवला. बहिऱ्याशी बोलतात तसा.

“नुस्ता! काट्याचा!”

साहेबांनी तक्त्यात काहीतरी लिहिलं. तपासणी चालू असताना वर्गाच्या बाईंनी बोलायचं नाही असा नियम होता. मी बोलले. “साहेब, मालवणीत माशांना नुस्ता म्हणतात. तिनं उत्तर दिलंय, तेही चार वेळा.”

“असेल. पण शाळेत मासे म्हणायला नको? बाळ, घरी नुस्ता म्हणतेस. मग शाळेत काय?”

मुलीनं नीट विचार केला. “शाळेत नुस्ता खय गावता?” ती म्हणाली.

शाळेत मासे कुठे मिळतात, हा तिचा सवाल अगदी रास्त होता. वर्ग हसला. साहेबांनी संभाषणाचे शून्य गुण दिले आणि बेरीज सोळा केली. शेरा लिहिला: ‘पूर्ण वाक्यात उत्तर देत नाही.’

परीक्षा संपल्यावर साहेब मोठ्या बाईंच्या खोलीत चहा घेत बसले आणि तक्ते माझ्याकडे सह्यांना आले. मी कागद सही करण्यापूर्वी वाचते. ही सवय पुष्कळांना आवडत नाही. अगदी उजवीकडे एक बारीक रकाना होता: वर्गशिक्षकाचा निर्णय. सगळ्या शाळांत तिथे साहेबांचा निकालच उतरवत असणार. मी तिच्या नावापुढे लिहिलं, ‘दुसरीत चढवली’, सही केली आणि तक्ता नेऊन साहेबांच्या कपबशीशेजारी ठेवला.

“बाई, सोळा गुण आहेत.”

“हो. आणि हा रकाना माझा आहे.”

“तो नुसता असतो हो!”

“काट्याचा?” मोठ्या बाई म्हणाल्या.

साहेबांच्या घशात चहा अडकला. तो खाली उतरल्यावर त्यांनी रकाना पुन्हा वाचला. छापलेला होता, तेव्हा नाही म्हणता येत नव्हतं. शेवटी म्हणाले, “ठीक आहे. पण तुमच्या सहीवर. दुसरीत ही मुलगी अडली तर मी तुम्हाला विचारीन.”

“विचारा. दुसरीच्या बाईंना माझी वहीही देते. वाचन: येतंय.”

ते गेल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, “नोकरी अजून कायम नाही तुमची, माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

“मग आधी मला विचारायचं तरी!”

“तुम्हीच म्हणता ना, तुमचा वर्ग, तुमचं डोकं?”

“बोलायची पद्धत असते हो ती!” त्या म्हणाल्या, पण तक्त्यावर त्यांनीही सही ठोकली. माझ्या वहीचं शेवटचं पान कोरं होतं. तिथे मी लिहिलं: साहेब. मालवणी: येईल.

निकालाच्या दिवशी वडील मुलीला घेऊन आले.

“पास काय नापास, ताच सांगा.”

“पास. दुसरीत गेली.”

“मार्क किती?”

“मार्क नाहीत. निर्णय आहे.”

मी दिलेला निकालाचा कागद त्यांनी उलटा केला. मागेही काही नव्हतं. “मार्क नाय? मग पास कशी?”

मला साहेबांची आठवण झाली. एक पुण्याचा, एक मालवणचा, पण दोघांचं डोकं एकाच कारखान्यात घडलेलं. “माझी सही आहे ती,” मी म्हटलं. “जूनमध्ये वेळेवर पाठवा. गावाला मे महिन्यात न्या आणि परत आणा.”

“आणतंय,” ते म्हणाले. फारसे खूश दिसले नाहीत, पण कागद चार घड्या करून वरच्या खिशात ठेवला. त्या खिशाकडे बघून मला भरवसा वाटला.

मुलगी दारात थबकली. “बाई, दुसरीक पन तुमीच?”

“नाही. दुसऱ्या बाई.”

तिनं मोठा श्वास सोडला आणि बापाच्या पुढे पळाली.