माहेरासकट घर

माझ्याच घराची कडी वाजवून "मालक, आत येऊ का?" असं विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते दार त्यानंच बसवलेलं होतं. महालिंगआप्पा. घर मला विकल्यानंतर ते कधीही थेट आत आले नाहीत. दार सताड उघडं असलं तरी कडी वाजवायचे, छत्री भिंतीला टेकवायचे आणि उंबऱ्याबाहेर थांबायचे. गल्लीला वाटायचं, काय ही नम्रता! मला वाटायचं, घर मुळात कुणाचं ते हा माणूस कडी वाजवून सगळ्यांना सांगतोय. खरं तर सांगायची गरज नव्हती. पोस्टमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्याला 'आप्पाचं घर'च म्हणायचे. खरेदीखत माझ्या कपाटात आहे, पण ते वाचायला कुणी मागत नाही.

माजलगावच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, माझा जुन्या बारदान्याचा धंदा. फाटकी पोती शिवण्यापासून सुरुवात केली, त्यामुळे भाव पाडल्याशिवाय मी सुतळीसुद्धा घेत नाही. आप्पांच्या घरातल्या मागच्या दोन खोल्यांत मी, बायको आणि दोन मुलं सात वर्षं भाड्यानं राहिलो. आप्पांचं किराणा दुकान होतं. बायको कधीच वारलेली, एकुलती एक मुलगी उमा. त्यांच्या दुकानात तराजू सरळ झाला की संपायचं नाही. त्यावर आणखी एक मूठ पडायची. मी एकदा म्हणालो, "आप्पा, ह्या मुठींनी दुकान बुडेल." ते म्हणाले, "तराजू सरळ झाला की हिशोब मिटतो, गिऱ्हाईक न्हाई." दुकान पुढे बुडालंच. गिऱ्हाईक मात्र शेवटपर्यंत त्यांचं नाव काढत होतं, उधारीवर.

उमाचं लग्न बीडच्या एका कारकुनाशी जमलं. तेव्हा नवं वारं सुटलं होतं. गच्च्यांवर डिश अँटेना उगवत होत्या आणि प्रत्येक लग्न मागच्या लग्नापेक्षा एक बोट उंच व्हायला लागलं होतं. मुलाकडच्यांची यादी माफक होती. फक्त बँड, व्हिडिओ शूटिंग, रंगीत टीव्ही, मोटारसायकल आणि दोन वेळचं गोड जेवण. टीव्ही ठेवायला जावयाला स्वतःची खोली नव्हती, पण तो मुद्दा गौण.

"आप्पा," मी म्हणालो, "सामुदायिक विवाहात लावून टाका. घर तरी राहील."

"घर काय पळून जातंय का? पोरीचं वय पळतंय."

"पण मग तुम्ही राहणार कुठं?"

"मला किती जागा लागती? आमा लिंगायतांना तर पुरतानाबी बसवूनच पुरत्यात. आडवं व्हायलाबी जागा नको."

असल्या माणसाला काय समजावणार? उपदेश मी एकदा फुकट केला. धंद्यात तेवढाच परवडतो. दुसऱ्या दिवशी घराचा भाव विचारला.

सौदा पुढच्या खोलीत सतरंजीवर झाला. माझी रीत अशी, की उठायचं, चप्पल घालायची आणि दाराकडे वळायचं. तिसऱ्या वेळेला समोरचा मोडतो. आप्पांसमोर मी तीनदा चप्पल घातली आणि तीनदा ते म्हणाले, "बसा हो, चपला झिजतील." दर वेळी थोडे खालीही आले. शेवटी पाच हजारांवर गाडी अडली. मी चौथ्यांदा उठलो.

"सोडले पाच हजार," आप्पा म्हणाले. "पण एक शब्द द्या. उमीचं माहेर ह्याच घरात राहील. पंचमीला, दिवाळीला पोर आली तर दार लावू नका."

पाच हजारांत एक शब्द! मला हसू आवरेना. आप्पांनी देवापुढचं बेलाचं पान आणून माझ्या हातावर ठेवलं आणि मी शब्द दिला. बेलाचं पान हातात घेऊन सौदा करायची माझी ती पहिली आणि शेवटची वेळ. त्यानंतर मी बेलाच्या झाडाखालूनसुद्धा जपून जातो.

लग्न झोकात झालं. माझं होऊ घातलेलं घर बुंदी होऊन पंगतीत फिरताना मी डोळ्यांनी पाहिलं. वाढपी घामाघूम झाले तेव्हा आप्पा खूश. "लग्नात वाढपी दमला पायजे, खाणारा न्हाई." मोटारसायकल दारात उभी राहिली, तिच्यात पेट्रोल घालायला जावयानं आप्पांकडेच पाहिलं. उमाला निरोप देऊन आप्पा भावाच्या शेतावर पालीला राहायला गेले. पत्र्याची एक खोली. मी पुढच्या खोल्यांत सामान हलवलं आणि मालक झालो.

मालकी श्रावणापर्यंत टिकली. पंचमीच्या आदल्या दिवशी उमा पिशवी घेऊन दारात उभी. थोड्या वेळानं कडी वाजली, "मालक, येऊ का?" आता गंमत बघा. मुलगी बीडला, बाप पालीला, दोघांमध्ये सायकलवर जाण्याइतकं अंतर. पण बापलेक भेटायला दोन वेगवेगळ्या एसट्यांनी दोन तास धक्के खात माजलगावला माझ्या घरी! मी आप्पांना तसं बोलूनही दाखवलं.

"तिकडं खोली हाय, मालक," ते म्हणाले. "माहेर न्हाई."

पुढच्या खोलीच्या तुळईला झोका बांधला गेला. माझ्या बायकोला मुलगी नव्हती. तिनं उमाला बांगड्या भरल्या, साडी घेतली. दिवाळीला पुन्हा साडी. दुसऱ्या वर्षी सातव्या महिन्यात उमा आली ती मुक्कामालाच. "पहिलं बाळंतपण माहेरालाच असतं," बायकोनं मला कायदा सांगितला. डिंकाचे लाडू, दवाखाना, बारसं. मग धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात सासुरवाडीनं जावयाला बोलावून वाण द्यायचं असतं. कारकून मोटारसायकलवरून आला, माझ्या पाटावर बसला, माझे तेहतीस अनारसे मोजून घेतले आणि चांदीचं निरांजन हातात तोलून पाहिलं. भाव पाडण्यात तो माझ्यापेक्षा कमी नव्हता, फक्त त्याला चप्पल घालावी लागत नव्हती.

त्याच सुमारास मला एक गिऱ्हाईक मिळालं होतं. पुढच्या खोलीत शटर बसवायचं आणि एसटीडी बूथ काढायचा. भाडं भरभक्कम. फक्त तुळई काढावी लागणार होती. आणि तुळई काढली की झोका कशाला बांधणार? दिवाळीला आप्पांनी कडी वाजवली आणि माझं डोकं फिरलं. कपाटातून पाच हजार काढले आणि त्यांच्यासमोर आपटले.

"हे घ्या! माझा शब्द मला परत द्या."

"काहून चिडता, मालक? बसा."

"बसायचं नाही मला! घर माझं, झोका तिचा, धोंडा तुमच्या जावयाचा. मी काय घेतलं तुमच्याकडून?"

"लेक घेतली की," आप्पा शांतपणे म्हणाले. "दोन पोरांवर लेक न्हवती तुमाला. वर पाच हजार मीच सोडले. असा सौदा मोंढ्यात दाखवा एक." मग छत्री उचलत म्हणाले, "तराजूत वर मूठ टाकायची सवय हाय मला. जात न्हाई."

आतून बायकोचं हसू ऐकू आलं. नोटा मी गपचूप कपाटात ठेवल्या. बूथवाला दुसऱ्या गल्लीत गेला आणि तिथं श्रीमंत झाला, हे रोज बघत मी मोंढ्यात जातो.

आणखी काही वर्षांनी उन्हाळ्यात आप्पा पालीलाच वारले. मातीला गेलो होतो. बसवूनच पुरलं. खरंच फार जागा लागली नाही.

श्रावण लागला तेव्हा मी बायकोला सांगितलं, "शब्द आप्पांना दिला होता. आप्पा गेले, शब्द सुटला." माळ्यावरचा झोक्याचा दोर काढून तिनं उन्हात टाकला. पंचमी दोन दिवसांवर आली, उमाचा पत्ता नाही.

"ती कशी येईल?" बायको म्हणाली. "बाप गेल्यावर पोर आपण होऊन येते का? मुराळी जावा लागतो आणायला."

मुलं परीक्षेचं कारण सांगून सटकली. मुराळी म्हणून मी गेलो. बीडला उमाच्या भाड्याच्या खोलीची कडी वाजवली. ती दारात आली.

"काका? मला वाटलं, आता कुणाच्या नावानं यावं..."

"नावानं? तुझ्या बापानं माझ्या हातावर बेलाचं पान ठेवलंय, ते काय वाळवायला? आवर लवकर. गाडी सुटंल."

ती रडायला लागली. मी अंगणात येऊन मोटारसायकलचा गंज बघत उभा राहिलो.

माजलगावच्या स्टँडवर उतरलो. तिचं पोर माझ्या कडेवर झोपलेलं. रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठं?"

"आप्पाचं घर," उमा म्हणाली, आणि माझ्याकडे बघून तिनं जीभ चावली.

रिक्षावाल्यानं पंधरा रुपये सांगितले. मी आठवर अडलो. त्याला शिव्या घातल्या, दोनदा पाठ फिरवून चालायला लागलो आणि दहावर आणलं. पत्त्याबद्दल मात्र काही बोललो नाही.