सवार गणपतचा सिक रिपोर्ट

निजामाच्या अमलात आमचा रिसाला बीडला होता. मी दफेदार. पहाटे पाचला बिगूल, साडेपाचला घोड्यांना खरारा, सातला परेड. माझ्या तुकडीत तलवाड्याचा सवार गणपत होता. धनगराच्या घरातला, मोजकं बोलणारा. बिथरलेलं घोडं त्याच्याच हाती देत.

उन्हाळ्यात त्याला खोकला लागला, तो थांबेना. चार महिन्यांत अंगावरचा कोट लोंबायला लागला. थुंकीत रक्त दिसलं तेव्हा मी त्याला सिक परेडला, म्हणजे आजारी सवारांच्या तपासणीला, नेलं. रिसाल्याच्या डॉक्टरांनी छातीला नळीही लावली नाही. म्हणाले, हिरडी टोचून रक्त काढतोय. पुढे कमरेत कळा आल्या, लघवी लाल झाली. तर म्हणाले, यात काहीतरी कालवलंय. कागदावर लिहिलं : कामचुकार. रिसालदारांनी शिक्षा दिली. डोक्यावर खोगीर घेऊन मैदानाला दहा फेऱ्या.

आदल्या संध्याकाळी मी त्याला सांगितलं, गावाकडे निघून जा, मागचं मी बघतो.

"पळालो तर त्यांचंच खरं व्हईल, दफेदारसाब," तो म्हणाला. "मी खोटं बोलत न्हाई."

सकाळी नऊला फेऱ्या सुरू झाल्या. चौथ्या फेरीत तो पडला. तोंडातून रक्त आलं. मी रांग सोडली.

"दफेदार, जागेवर!" रिसालदार ओरडले.

मी थांबलो नाही. दोन सवार घेतले आणि त्याला बाजेवर घालून शहरातल्या दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी पोस्टमॉर्टम करून मला बोलावलं. डाव्या फुप्फुसात कॅन्सरची मुठीएवढी गाठ होती. तोच रोग मूत्रपिंडात पसरला होता.

आधी कळलं असतं तर, असं मी विचारलं.

"वाचला नसता," ते म्हणाले. "पण निवांत मेला असता."

त्यांचा रिपोर्ट मी रिसालदारांच्या टेबलावर ठेवला. कागदावरचा ‘कामचुकार’ हा शब्द खोडा म्हणालो. मेलेल्याला काय फरक पडतो, ते म्हणाले. त्याच्या आईला पडतो, मी म्हणालो. शब्द तसाच राहिला. रांग सोडली म्हणून माझी दफेदारी गेली. त्याचं मला काही नाही. रिसाल्याच्या डॉक्टरांना रोग ओळखता आला नाही, तेही मी सोडून दिलं. पण हात न लावता माणसाला खोटं ठरवलं, तो राग अजून उतरलेला नाही.

तलवाड्याला मी स्वतः गेलो. सगळी भावकी जमली होती. आईनं एकच विचारलं, "माझं लेकरू कशानं गेलं, दादा?"

मी उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. सवार गणपत लई आजारी होता. तरी हुकूम झाला म्हणून उभा राहिला. ड्युटीवर पडला.