काकांची शेवटची बाटली

माझ्या काकांनी आयुष्यात जितक्या वेळा दारू सोडली, तितक्या वेळा मी आमच्याकडच्या गोरेगावहून हिंगोलीलाही गेलो नसेन, आणि मी आठवड्यातून दोनदा जातो. पण मागच्या वर्षी प्रकरण गंभीर होतं. काकूनं तुळशीची माळ आणून देवापुढं ठेवली, महाराजांना सांगावा धाडला आणि एकादशीचा दिवस धरला. माळ एकदा गळ्यात पडली की मटण आणि दारू कायमची बंद. काकू तीस वर्षं या दिवसाची वाट बघत होती. काका हो म्हणाले. फक्त एक अट त्यांनी काकूला न सांगता मला सांगितली.

"शेवटची हाय. मंग साधी काहून प्यावी?"

त्यांनी फोनवर एक व्हिडिओ पाहिला होता. कोट घातलेला एक गोरा माणूस इवल्याशा ग्लासातली सिंगल माल्ट नाकाशी धरून बसलेला. हुंगायचा, डोळे मिटायचा, पुन्हा हुंगायचा. पीत मात्र नव्हता. "एवढा वेळ नुसता वास घेऊन राहिला म्हंजे मालात दम असंल," काका म्हणाले. "तसली आन."

माझा या विषयातला अनुभव म्हणजे मित्राच्या लग्नातली अर्धी बियर, तीही पोटात राहिली नव्हती. पण माझ्याकडं शेतकीची पदवी आहे, गोरेगावच्या बाजारात खत-बियाण्यांचं दुकान आहे, आणि घरात शिकलेला माणूस म्हटला की विहिरीच्या मोटारीपासून जन्मपत्रिकेपर्यंत सगळं त्यालाच कळतं असं धरलं जातं. मीही कधी नाही म्हणत नाही. तो माझा जुना रोग आहे.

चार दिवस दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा फोनवर अभ्यास केला. एकाच भट्टीतली, नुसत्या सातूची, लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरलेली, ती सिंगल माल्ट. कुणी मधासारखी, कुणी मनुक्यासारखी, कुणी धुराच्या वासाची. नवख्यानं मधाळपासून सुरुवात करावी, असं प्रत्येक जण सांगत होता. काकांना म्हटलं, बारा वर्षं जुनी मिळते. बैल घेताना दात मोजणाऱ्या माणसाला वयाचं महत्त्व पटायला हवं होतं. पण ते म्हणाले, "बारा वर्षं कुणी हात न लावता ठेवली? ते लोक बराबर न्हाईत."

हिंगोलीच्या दारूच्या दुकानात जाळीमागच्या माणसानं विचारलं, "कोणत्या साहेबाला द्यायची?"

"काकांना."

"प्यायला?" त्याला खरंच नवल वाटलं. असली खोकी लोक एकमेकांना देतात, उघडत कुणी नाही, असं म्हणत त्यानं वरच्या फळीवरची धूळ झटकून तीन खोकी खाली काढली. मधाची, मनुक्याची, धुराची. सगळ्या जगानं सांगितलं होतं मधाची घे. पण मी शिकलेला. मी विचार केला, काकांना बिडी आवडते, हुरडा आवडतो, आरावर भाजलेलं वांगं आवडतं. या माणसाला धूरच मानवणार. स्वतःच्या हुशारीवर खूश होत मी धुराची उचलली आणि औषधांच्या पिशवीत टाकली.

परतीच्या जीपमध्ये शेजारच्यानं विचारलं, "कशावरचं औषध?" मी म्हटलं, अळीवरचं. "मला बी द्या की, माझ्या सोयाबीनवर लई येऊन राहिली." गावापर्यंत मी त्याला फवारणीचं प्रमाण समजावत आलो.

एकादशीच्या दोन दिवस आधी, दुपारी, आम्ही आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्याशी बसलो. काकांनी बाटली फोडली आणि आधी झाकणभर दारू दगडावर ओतली. तरुणपणी मोहाची दारू ते अशीच पारखायचे. काडी लावायची, निळा जाळ धरला की माल असली. काडी लावली. जाळ भुरकन दिसला आणि गेला.

"निम्मं पानी हाय," काका म्हणाले.

मग ग्लास नाकाशी नेला आणि त्यांचं तोंड कसनुसं झालं. "आरं, ही करपली की! काढणारा झोपला आन् हांड्याचं बुड लागलं!"

मी सांगितलं की तिकडं मुद्दाम धूर देतात, दलदलीतली वाळवलेली माती जाळून.

"माती जाळून? लाकडं न्हाईत का त्याहिला?" त्यांनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि शांतपणे बूच लावलं. "ही मी शेवटची धरत न्हाई. माळ पुढच्या एकादशीला."

महाराज येणार होते, द्वादशीच्या जेवणाचे निरोप गेले होते, आणि सगळं अडलं होतं माझ्या निवडीवर. तेवढ्यात मागून काकूचा आवाज आला. डबा घेऊन ती कधीची गोठ्याच्या दाराशी उभी होती.

आधी ती माझ्यावर घसरली. "निवडता येत न्हाई तर तू काहून गेलास? चांगली आनली असती तर आज मिटलं असतं!" मग ती काकांसमोर बसली, बूच काढलं आणि स्वतःच्या हातानं ग्लासात ओतली. काकांनी आयुष्यात तिच्यासमोर ग्लास धरला नव्हता.

"घ्या. शेवटची म्हनावं वाटंस्तोवर घ्या. मी बसते."

काका गोठ्यातल्या बैलांकडं बघत राहिले. मग दोन्ही हातांनी ग्लास उचलला आणि तीर्थासारखा हळूहळू संपवला. काकूनं पुन्हा बाटली उचलली, तर त्यांनी तिचा हात धरला. "बास. तुझ्या हातानं ओतलेली प्यालो. आता दुसऱ्या कुणाच्या हातची काय प्यायची?" मला भरून आलं. काकू मात्र भाकरी वाढायला लागली.

एकादशीला माळ पडली, ती अजून गळ्यात आहे. उरलेली बाटली मी दुकानाच्या आतल्या कपाटात कुलपात ठेवली. बाजाराच्या दिवशी काका-काकू गावाहून जीपनं येतात; काकू भाजी घेते तोवर काका हात पुढं करून चावी मागतात, आत जाऊन बूच काढतात आणि डोळे मिटून वास घेत बसतात, अगदी त्या कोटवाल्यासारखे. बाटली एका थेंबानंही कमी झालेली नाही. मी खूण करून ठेवली आहे.

आम्हा दोघांशिवाय हे कुणाला ठाऊक नाही, असं त्यांना वाटतं. परवा काकू भाजीची पिशवी घेऊन दुकानाच्या पायरीवर टेकली. मी घाईघाईनं म्हटलं, काका आत गोण्या मोजताहेत.

"मोजू दे," ती म्हणाली, आणि पदरानं वारा घेत बसून राहिली. "आजून थोडा वेळ हाय जीपला."