पाचवी लेन

आमच्या हेडबाईंना जगातली कुठलीही गोष्ट पोरांत मोजता येत असे. काचीगुड्यातल्या आमच्या मराठी प्राथमिक शाळेचा हॉल त्यांच्या लेखी दीडशे पोरांचा होता, दारातली सायकलरिक्षा सात पोरांची. लग्न होऊन पुण्याहून आलेली मी नोकरी मागायला गेले, तेव्हा त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "आवाज बारीक आहे. तीस पोरं सांभाळतील ह्या." तिसरीच्या वर्गात बत्तीस पोरं होती. वरची दोन त्यांनी वर्षभर स्वतःशेजारी बसवून शिकवली.

त्या स्वतः शाळेत आल्या होत्या त्या शिवणाच्या बाईंच्या जागी, तीन महिन्यांसाठी. शिवणाच्या बाई बाळंतपण आटोपून परतल्या तेव्हा ह्या पहिलीला बाराखडी शिकवत होत्या, आणि त्यांना 'आता या' म्हणायचा धीर कुणालाच झाला नाही. मग घर सांभाळत, बाहेरून परीक्षा देत त्या एकेक पायरी चढल्या आणि जुने हेडमास्तर निवृत्त झाल्यावर त्यांच्या खुर्चीवर बसल्या. बसल्या म्हणजे आधी ती खुर्ची व्हरांड्यात आणली, कारण "खोलीत बसून शाळा दिसत नाही." पोरगं दोन दिवस आलं नाही की तिसऱ्या दिवशी बाई त्याच्या घरी हजर. "चहा नक्को, पोरगं द्या." एकदा एक पठ्ठ्या ताप आल्याचं सोंग करून पांघरूण ओढून पडला होता. बाई त्याच्या उशाशी बसल्या आणि शांतपणे पाढे म्हणू लागल्या. सातच्या पाढ्यापर्यंत तो उठून दप्तर भरत होता.

पण त्या वर्षांत जी पोरं येईनाशी झाली, त्यांना ताप नव्हता. देश खुला झाला असं पेपरात येत होतं. आमच्या गल्लीत हा खुलेपणा आला केबलच्या वायरीतून आणि इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बसमधून. दर जूनला आमचे दोन बाक रिकामे होत. कमिटीचे वकीलसाहेब म्हणू लागले की असंच चाललं तर शाळेला कुलूप लावावं लागेल. बाईंनी यावर उपाय काढला तो पोहण्याच्या स्पर्धेचा. प्राथमिक शाळांच्या स्पर्धेची नोटीस दरवर्षी यायची आणि न वाचता फाइलला लागायची. "आपलं एक पोरगं पेपरात आलं ना, तर आई-बाप थांबतेत बघा," त्या म्हणाल्या. अडचण एवढीच होती की शाळेत तलाव नव्हता, शिकवणारं कुणी नव्हतं, आणि बाई स्वतः पाण्याला इतक्या भीत की हुसेनसागरच्या काठानं जातानासुद्धा बसमध्ये पाण्यापासून लांबच्या बाजूला बसत.

झालं, माझ्या वर्गात गणिताच्या तासाला तिसरी-चौथीची आठ पोरं बाकांवर पालथी पडून हातपाय मारू लागली. रविवारी बाई त्यांना अंबरपेठेच्या बाजूच्या एका तलावावर नेत. तिथले पोहणं शिकवणारे उस्ताद सज्जन, पण पोरं काही केल्या पाण्यात उतरेनात. उस्ताद वैतागून बाईंना म्हणाले, "मॅडम, तुमीच इत्ता डरे तो बच्चे कैसा उतरते?" बाईंनी पदर खोचला, कठडा घट्ट धरला आणि तेराचा पाढा म्हणत पायऱ्या उतरू लागल्या. तेरा एके तेराला पाऊल बुडालं, तेरा चोकला गुडघे, तेरा आठीला कंबर. तोवर काठावरची पोरं त्यांच्या सुरात सूर मिसळत होती आणि तेरा दाहेला आठच्या आठ पाण्यात होती.

त्या आठांत चौथीतली सुमन होती. वडील काचीगुडा स्टेशनवर हमाली करायचे. वर्गात तोंड न उघडणारी ही मुलगी पाण्यात माशासारखी सुटायची. स्पर्धेच्या दिवशी पहिल्या फेरीत ती सगळ्यांच्या पुढे आली. एका मोठ्या शाळेचा निळाशार तलाव, काठावर छत्र्या, कॅमेरे गळ्यात अडकवलेले बाप. आमची बाकीची सात पोरं पहिल्याच फेरीत बाद झाली होती, पण खुशीत होती. मी त्यांना पाणी पाजायला नळावर घेऊन गेले. बाई आणि सुमन लिंबाखाली बसून उपमा खात होत्या.

मी परतले तेव्हा शिट्टी झाली होती आणि मुली पाण्यात झेपावल्या होत्या. बाई कौतुकानं बघत होत्या. मला म्हणाल्या, "तो पाचवा रस्ता रिकामाच आहे हो. कोणाची पोरगी आली नाही की, बिचारी."

सुमन बाईंशेजारीच डबा घेऊन बसली होती. मी धावत आयोजकांच्या टेबलाशी गेले. अंतिम फेरीच्या मुलींचे नंबर लाऊडस्पीकरवर दोनदा पुकारले होते, इंग्रजीत. यादीत पाचव्या लेनसमोर सुमनचं नाव होतं. बाईंना वाटलं होतं, जेवणाची सूचना चाललीय.

मी भांडायला निघाले, तर बाईंनी माझा हात धरला. "त्यांनी पुकारलं हो. मलाच ऐकू आलं नाही." सुमन रडली नाही. तिनं डब्याचं झाकण लावलं. परतीच्या बसमध्ये बाई तिचे केस पुसत राहिल्या. ते केव्हाच वाळले होते.

दुसऱ्या दिवशी इंग्रजीच्या तासाला माझ्या वर्गाच्या शेवटच्या बाकावर चोपन्न वर्षांच्या हेडबाई येऊन बसल्या. "तुम्ही शिकवा. माझ्याकडं बघू नका." वर्षभर त्यांनी तास चुकवला नाही. उच्चार चुकला की पोरं हसत. त्याही हसत आणि पुन्हा म्हणत. मग कमिटीत त्यांनी पहिलीपासून इंग्रजी विषय मागितला. वकीलसाहेब कडाडले, "बाई, तुम्हीच मराठी शाळा बुडवायला निघालात काय?"

"शाळा मराठीच राहील," बाई म्हणाल्या. "पण माझं लेकरू भोंग्यासमोर मुकं बसणार नाही."

मंजुरी मिळाली. पुढच्या स्पर्धेला बाई थेट आयोजकांच्या टेबलाशी गेल्या, मोडक्या इंग्रजीत परवानगी मागितली आणि माइक हातात घेतला. दिवसभर प्रत्येक मुलाचं नाव इंग्रजी, तेलुगू, उर्दू आणि मराठीत त्या पुकारत राहिल्या, आणि मूल समोर येऊन उभं राहीपर्यंत फेरी सुरू होऊ दिली नाही. आमचा एक मुलगा तिसरा आला. सुमन मात्र तेव्हा पाचवीत, दुसऱ्या शाळेत गेली होती. तिची ती फेरी राहिली ती राहिलीच.

बाई निवृत्त झाल्यावरही काही वर्षं शाळा तग धरून होती. मग एकेक वर्ग मिटत गेला. मध्यंतरी नामपल्लीच्या नुमाइशमध्ये, दरवर्षीच्या त्या प्रदर्शनात, सुमन भेटली. आता ती दवाखान्यात नर्स आहे. कडेवरच्या लेकीशी इंग्रजीत बोलत होती, माझ्याशी मराठीत. मी दुसऱ्याच दिवशी बाईंना सांगायला अंबरपेठेत त्यांच्या घरी गेले. नोकरी, नवरा, लेक, सगळं त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं,

"पोहते का हो अजून?"

मला ते विचारायचं सुचलंच नव्हतं.