सुनंदा धोकादायक असू शकते

डाउनलोड फोल्डर आणि किस्से सारखेच. साफ करायचं कुणाच्या मनात येत नाही, मग साचत जातात.

नवीन जालन्यात स्टेशनजवळ माझं आणि जाधवचं छोटं ऑफिस आहे. बियाणं-औषधांच्या दुकानांसाठी आम्ही बिलाचं सॉफ्टवेअर लिहितो. आम्हाला ओळखतं कोण? दुकानदाराने आमची फाइल डाउनलोड केली की ब्राउझर तिला व्हायरस समजतो. ओळख पटेपर्यंत आमचीच एखादी चूक सापडते, ती सुधारून नवी फाइल टाकावी लागते आणि आम्ही पुन्हा अनोळखी!

०

फाइलला नाव सुचत नव्हतं. बायको डबा घेऊन आली होती, तिचंच दिलं. पहिल्याच डाउनलोडला स्क्रीनवर आलं, 'सुनंदा धोकादायक असू शकते.'

जाधव घाईने म्हणाला, "वहिनी, हे मी न्हाई, कॉम्प्युटर म्हणून राह्यला."

डबा टेबलावर ठेवत ती म्हणाली, "लग्नाआधी ह्यांना कुणी एवढंही सांगितलं नव्हतं."

०

कीटकनाशकाच्या सगळ्यात विषारी डब्यावर लाल त्रिकोण असतो. अंकुशनगरच्या एका दुकानदाराने ब्राउझरची लाल खूण पाहिली आणि तो खूश झाला. माल जालीम दिसतोय! त्याने शेजारच्यांनाही आमचं सॉफ्टवेअर घ्यायला लावलं. अशी जाहिरात आम्हाला स्वतःला कधी जमली नाही.

पुढच्या हंगामात एकदा चुकून सूचना आलीच नाही. लगेच त्याचा फोन.

"साहेब, ह्या टायमाला लाल आलं न्हाई. माल पातळ केला का?"

०

एका कॉलेजात मी सायबर सुरक्षेवर बोललो. लाल सूचना दिसली की थांबा, सांगणारा कितीही भला वाटो, हे तीनतीनदा बजावलं. मग मोठ्या पडद्यावर आपलंच सॉफ्टवेअर उतरवायला घेतलं.

पडदा लाल झाला. मागच्या बाकावरून एक मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, थांबायचं ना?"

थांबलो. आभार मानून बाहेर पडलो.

०

सुनंदा गेली. त्यानंतर बरेच दिवस मी नवी फाइल काढायचं टाळलं. शेवटी कराचे नियम बदलले, काढावीच लागली. सकाळपासून फोन सुरू झाले. प्रत्येक जण तेच वाक्य वाचून दाखवायचा. जाधव खाली मान घालून ऐकत होता. दुपारी म्हणाला, "भाऊ, ह्या वेळेला नाव बदलू या का?"

मी म्हटलं, "बघू."

तेवढ्यात कुंभार पिंपळगावहून फोन आला. जाधवने सवयीने स्पीकर चालू केला.

"साहेब, हे विचारून राह्यलं, सुनंदा ठेवायची का काढून टाकायची?"

जाधव उठून खिडकीशी गेला.

"ठेवा," मी म्हटलं.

"ठेवली. थांबा... पुन्हा विचारून राह्यलं. धोका आहे म्हणतं. तरीही ठेवायची का?"

"तरीही ठेवा."