सशांचा मधुमेह आणि गणपतराव

आमच्या जुन्या प्रयोगशाळेतले कुणी दोघे कुठेही भेटले, की संशोधनाचं बोलणं दोन मिनिटांत आटोपतं आणि मग तासभर गणपतरावच चालतात! दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. सांगलीत आमचे चौगुले डॉक्टर सशांना औषध टोचून मधुमेह आणायचे आणि त्यांच्या स्नायूंतली, यकृतातली प्रथिनं कशी बिघडतात ते तपासायचे. मी परीक्षानळ्या तापवायचो. ससे सांभाळायला होते पाटणकडचे गणपतराव, ब्रह्मदेशच्या आघाडीवरून परतलेले फौजेतले नाईक.

पहिल्याच दिवशी त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "सायेब, ही ससं कवा बरी हुनार?"

"ते ठणठणीतच आहेत. त्यांना आजारी पाडायचंय."

"आन् भाईर पाटी दवाखान्याची?"

*

एकदा निरोगी सशाच्या लघवीत निळं औषध घालून नळी तापवली, तर विटेसारखी लाल! म्हणजे साखर! डॉक्टरांना दोन दिवस जेवण गोड लागेना. तिसऱ्या दिवशी पिंजऱ्याखाली लघवी साठायच्या तबकात गुळाचा खडा सापडला.

गणपतराव म्हणाले, "आजाऱ्याला पथ्य, कबूल. पर धडधाकटानं काय गुन्हा केला?"

*

फलटणचे एक बागाईतदार प्रयोगशाळा बघायला आले. गडी चांगलाच वजनदार. आजारी ससे भरपूर खाऊनही रोडावतात, अंगातलं मांसच झिजतं, हे ऐकून त्यांचे डोळे चमकले.

"डॉक्टर, दोन पुड्या बांधा!"

"अहो, त्यानं ससे मरतात!"

"बरं, मग अर्धीच द्या."

*

आमचे डॉक्टर धर्मानं जैन. घरात कांदासुद्धा नाही. सशाला भूल दिली, की सुरी उचलण्याआधी डोळे मिटून हात जोडायचे.

गणपतराव माझ्या कानात म्हणाले, "लय सायेब बघितलं गड्या, पर आदी नमस्कार करनारा ह्योच!"

*

आमचं काम वर्षभर लांबलं, ते एका सकाळमुळे. त्या दिवशी आजारी आणि निरोगी सशांची प्रथिनं शेजारी शेजारी मोजायची होती. येऊन बघतो, तर चारही निरोगी ससे गायब! पिंजऱ्याची जाळी सफाईनं कापलेली. तुलनेला काही उरलंच नाही. मला रडू यायचं बाकी होतं. डॉक्टर लालबुंद.

"गणपतराव, जाळी कुणी कापली?"

गणपतराव अटेन्शनमध्ये ताठ. "सायेब, आतनं कापलीया!"

त्यांच्या पट्ट्याला पक्कड लटकत होती. डॉक्टरांची नजर तिच्यावर गेली. मग हळूच म्हणाले,

"ससे प्रामाणिक हो. जाताना पक्कड परत करून गेले."